हमीदचं काळं रीळ

हमीद, मी तुझ्याशी आयुष्यात पुष्कळदा खोटं बोललो. शाळेत बोललो, भाभीसमोर तुझी बाजू सावरायला बोललो, तू शिवलेल्या कोटाची कॉलर मनातून आवडली नसताना झकास झालीय म्हणूनही बोललो. ते सगळं तुला कळायचं आणि तू गालातल्या गालात हसून सोडून द्यायचास. एकच खोटं तुला कळलं नाही. मुळा धरणाच्या पाण्यावर, होडीत, भर दुपारी बोललेलं. ते तू खरं मानलंस आणि तसाच गेलास. तुला जाऊन आता दोन महिने होतील. या दोन महिन्यांत मी दुकानात बसतो, गिऱ्हाइकाचं घड्याळ उघडतो, थोडा वेळ बघतो आणि परत मिटून ठेवतो.

तू कशाने गेलास, किती वाजता गेलास, मयतीला कोण कोण होतं, हे मी इथे लिहिणार नाही. ज्यांना ते माहीत असायला हवं त्यांना माहीत आहे. मला त्या रिळाविषयी बोलायचं आहे. तू म्हणशील, वसंता, मी मेलो तरी तू अजून रिळावरच. हो, अजून रिळावरच.

आपली जोडी तशी विचित्रच होती. तू भिंगारच्या रस्त्यावरचा शिंपी, पलटणीचे गणवेश शिवणारा. मी कापडबाजारातला घड्याळजी. माझ्या घरात मासा शिजत नाही, मी कधी चाखलेलाही नाही, आणि तरी वीस वर्षं रविवार आला की मी तुझ्यामागून गळाच्या काठ्या खांद्यावर टाकून निघायचो. लोक विचारायचे, खात नाहीस तर जातोस कशाला. माझ्याऐवजी तूच उत्तर द्यायचास की हा अवजारं बघायला येतो. ते खरंच होतं. तुझा जीव माशात, माझा यंत्रात. गळ कुठे टाकायचा ते मला वीस वर्षांत समजलं नाही, पण तुझ्या रिळाचा आस कुठे घासतोय ते मला लांबून ऐकू यायचं. त्याचा मला ताठा होता.

मुळेच्या धरणात पाणी साठायला लागलं आणि पिंपळगावच्या तलावावरून तुझं मन उडालं. एवढ्या मोठ्या पाण्यात काठावर बसून काय उपयोग, मासा काय आपल्याला भेटायला येणार आहे का, आपणच हिंडायला पाहिजे, असं तुझं सुरू झालं. किसन भोयाची होडी आपल्याला रविवारपुरती मिळायची. ती हळूहळू वल्हवत न्यायची, मागे साठ-सत्तर वार दोरा सोडायचा आणि त्याच्या टोकाला पितळेचा चमचा ओढत न्यायचा. चमचा पाण्यात लचकत चालला की मोठ्या माशाला वाटतं लहान मासा चाललाय. चमचे तू घरच्याच चमच्यांचे दांडे कापून करायचास आणि भाभीच्या शिव्या खायचास. वल्हवणाऱ्याचे दोन्ही हात गुंतलेले, म्हणून काठी होडीच्या कडेला बेचक्यात अडकवून ठेवायची. मासा लागला की दोरा रिळावरून सुटत जाणार, आणि ते वेळेवर कळलं तर मासा आपला. आपलं जुनं रीळ तलावातल्या किरकोळ माशांपुरतं होतं. या कामाला दुसरं हवं होतं.

एकाहत्तरच्या युद्धाच्या आदल्या वर्षीचा हिवाळा होता. भिंगारात जुन्या सामानाच्या दुकानात कोण्या बदलून गेलेल्या साहेबाची पेटी आली होती, तिच्यात तीन रिळं निघाली. तू मला दुकान बंद करायला लावून घेऊन गेलास. दुकानदाराने ती टेबलावर ओळीने मांडली आणि तू खुर्ची ओढून असा बसलास की जणू मुलगी बघायला आलायस.

पहिलं लाकडी होतं, बशीएवढं, पितळेच्या कडेचं. त्याला ब्रेकच नव्हता. मासा पळाला की तळहाताने चाक दाबून धरायचं, आणि चुकलं तर मुठी गरागरा फिरून बोटांवर बसणार. तू ते एकदा फिरवलंस आणि बाजूला सारलंस. म्हणालास की माझं पोट या बोटांवर आहे.

दुसऱ्यावर मात्र मी भाळलो. लहानसं, चांदीसारखं चकचकीत. दोरा गुंडाळताना त्याच्या पुढची एक कडी आपोआप डावीकडून उजवीकडे सरकायची आणि दोरा एकसारखा बसवायची. मी तिथल्या तिथे खिशातला पेचकस काढून त्याची बाजूची चकती उघडली. आतली दातेरी चाकं इतकी बारीक, इतकी नेटकी की एखाद्या परदेशी घड्याळात बसवावीत. एका बोटाने फिरत होतं आणि आवाज म्हणून नाही. मी तुला म्हटलं, हमीद, हेच. तू विचारलंस की दोरा किती मावतो. जाड दोरा असला तर शंभर वार, दुकानदार म्हणाला. तू म्हणालास, सत्तर वार तर माझा चमचाच घेऊन बसणार, मग मासा काय उरलेल्या तीस वारात उभा राहून नमस्कार करणार का. दुकानदार हसला आणि मला राग आला. वर तू असंही म्हणालास की त्या सरकत्या कडीत धरणाची रेती गेली की ती कायमची बसेल. तेही खरं होतं. म्हणून मला जास्तच राग आला.

तिसरं काळं. जड, रुंद पोटाचं, दोनशे वार सहज पचवणारं. मुठीशेजारी चांदणीच्या आकाराची चकती, ती फिरवली की ब्रेक कमी-जास्त व्हायचा. हातात धरून दिवसभर फेकायचं असतं तर मनगट मोडलं असतं, पण होडीत काठी बेचक्यातच राहणार, वजन कुणाला उचलायचंय, असं तू म्हणालास. बाजूला एक खुंटी होती. ती ओढून ठेवली की आतल्या दातेरी चाकावर एक पोलादी पट्टी टेकायची आणि दोरा सुटला की टर्रर्र असा आवाज व्हायचा. ओबडधोबड, सायकलच्या चाकात पुठ्ठा अडकवल्यासारखा. तू तो ऐकलास आणि तुझा चेहरा उजळला. डोळे मिटून घेतलेस आणि मला दोरा ओढायला सांगितलंस. हळू ओढ, म्हणालास. आता जोरात. मग उठलास, रस्ता ओलांडून समोरच्या नळापाशी गेलास आणि पाठ करून उभा राहिलास. मी इकडे दोरा ओढायचा आणि तू तिकडे हात वर करायचा. पाच वेळा ओढला, पाचही वेळा हात वर. रस्त्यावरची माणसं बघायला लागली. मला वाटलं, म्हातारपणी हा नाटकं करतोय.

"हे बोलतं, वसंता," तू म्हणालास. "मला बोलणारंच पायजे."

मी म्हटलं, बोलण्याची काय गरज आहे, डोळे आहेत ना, काठीचं टोक वाकलं की दिसेल. तू दुकानदाराला काळं रीळ बांधून द्यायला सांगितलंस. परत येताना सगळा रस्ता मी बडबडत होतो की आवाज म्हणजे झीज, आवाज म्हणजे यंत्राचं दुखणं. माझं सगळं आयुष्यच यंत्राचे आवाज बंद करण्यात गेलेलं. तू एवढंच म्हणालास की तुझं घड्याळ भिंतीवर असतं, माझं रीळ पाण्यावर असणार. वाद तिथे राहिला. मी हरलो होतो आणि हरलेलं मला सहन होत नाही, हे तुला शाळेपासून ठाऊक होतं.

तरी तू रीळ साफ करायला माझ्याकडेच दिलंस. तुझा माझ्या हातावर विश्वास होता. मी ते रॉकेलने धुतलं, तेल दिलं, ब्रेकच्या चकत्या पुसल्या. आणि ती पट्टी बघितली. तिने पितळी चाकावर चकचकीत ओरखडा काढला होता, चाक खात होती. मी ती काढली. तिची स्प्रिंगही काढली आणि दोन्ही एका डबीत घालून ठेवली. खुंटी तशीच राहू दिली, ओढली की ओढल्यासारखी वाटेल अशी. मनात म्हटलं, रविवारी मी स्वतः टोकाकडे बघत बसेन, एक मोठा मासा बिनआवाजाचा काढून दाखवीन आणि मग संध्याकाळी चहा पिताना सांगेन की बघ, शिंप्या, कुणाचं खरं होतं. दुष्टपणा मनात नव्हता. पण तू पाचदा हात वर करून निवडलेली वस्तू मी तुला न विचारता बदलली, एवढं खरं.

त्या रविवारी होडीत तू वल्ह्यावर होतास, माझ्याकडे तोंड करून. मी मागच्या फळीवर, काठी माझ्या डाव्या हाताशी. दोरा मी सोडला. तू विचारलंस, खुंटी ओढलीस का. मी म्हटलं, ओढली. तेवढं खोटं नव्हतं. ऊन कोवळं होतं, वारा होता, वल्ही कुरकुरत होती. तासभर मी काठीच्या टोकाकडे एकटक बघितलं. दोन तास बघितलं. मग भाभीने दिलेल्या भाकरी आपण खाल्ल्या, मी तुझ्या भाकरीवरची लसणाची चटणीही खाल्ली, आणि टोपी डोळ्यांवर ओढून जरा मागे रेललो.

काठी बेचक्यात दाणकन आदळली तेव्हा मला जाग आली. रिळावर दोरा नव्हता. दोनशे वार दोरा एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत निघून गेला होता, शेवटची गाठ तुटली होती आणि रिळाचा उघडा दांडा उन्हात चमकत होता. कोण होता तो पाहुणा, मरळ की वरच्या डोंगरातून उतरलेला महाशीर, ते कधीच कळलं नाही. तू वल्ही उचलून तसाच बसला होतास. तुझ्यापासून दोन हातांवर एवढं सगळं घडलं आणि तुला पत्ता नव्हता.

मी झोपलो होतो, हमीद. राखण माझी होती आणि मी झोपलो होतो. आणि पट्टी माझ्या दुकानात डबीत होती. हे दोन्ही एकदम मनात आलं आणि मी घाबरलो, आणि घाबरलो की मी ओरडतो. मी म्हटलं, बहिरा झालास काय रे.

"वाजलं का?" तू विचारलंस.

"केवढ्यानं वाजलं," मी म्हटलं. "त्यानंच तर मला जाग आली."

तू माझ्याकडे बघत राहिलास. मला वाटलं, आता पकडणार. तू नेहमी पकडायचास. पण तू मान खाली घातलीस, वल्ही पाण्यात टाकलीस आणि होडी काठाकडे वळवलीस. एसटीत तू खिडकीशी बसलास आणि राहुरीपासून नगरपर्यंत एक शब्द बोलला नाहीस. मी समजलो की मासा गेल्याचं दुःख आहे.

दुसऱ्या दिवशी मी नवा दोरा भरून देतो म्हणून तुझ्याकडून रीळ मागून आणलं. दुकानाचं दार लोटून पट्टी आणि स्प्रिंग जागेवर बसवली. संध्याकाळी तुझ्या दुकानात येऊन तुझ्या कानापाशी दोरा ओढला, टर्रर्र वाजवून दाखवलं आणि म्हटलं, बघ, ठणठणीत आहे. तू हसलास आणि रीळ भिंतीवरच्या खुंटीला टांगलंस. माझी चोरी झाकली गेली म्हणून मला हायसं वाटलं. तुझ्या चेहऱ्याकडे मी नीट बघितलंही नाही.

त्यानंतर तू धरणावर आला नाहीस. कधी पाठ धरली म्हणालास, कधी काम फार आहे. मी मात्र ती गोष्ट चहाच्या दुकानात तिखटमीठ लावून सांगत सुटलो. दोनशे वार दोरा गेला आणि आमचा शिंपी समोर बसून वल्ही मारतोय, असं म्हणायचो आणि लोक हसायचे. तूही हसायचास. तुला हाक मारली की तू आधी मान वळवून बोलणाऱ्याचं तोंड बघायला लागलास. मी म्हणायचो, सोंग करतोय. एकदा त्या चहाच्या बाकाला तुझा गुडघा आपटला, तेव्हाही मी म्हटलं, हा आता दिवसा चाचपडतो. लोक पुन्हा हसले.

आणि मग युद्ध आलं. छावणीत रात्रंदिवस गडबड, शिंप्यांना श्वास घ्यायला फुरसत नाही, आणि नेमका तेव्हा तू दुकान बंद केलंस. मी तुला वेड्यात काढलं. आयुष्यभर ज्या कामाची वाट बघितली ते दारात आलंय आणि तू दाराला कुलूप लावतोयस, असं मी तुला तुझ्या घरी येऊन सुनावलं. पोरं मिळवती झाली, आता बास, असं तू म्हणालास. मी आळशी म्हटलं. आणखीही काही म्हटलं, ते इथे लिहवत नाही. तू भाभीला चहा ठेवायला सांगितलंस.

तुझं दुकान बंद झाल्यावर मी सदऱ्यासाठी दुसऱ्या एका शिंप्याकडे गेलो. त्याने माप घेतलं आणि म्हणाला, तुमचा उजवा खांदा बराच उतरलाय, आतून भरण घालू का. मला कळेना हा काय बोलतोय. घरी येऊन तू शिवलेले सगळे सदरे काढले आणि उजव्या खांद्याची शिवण बोटांनी चाचपून बघितली. प्रत्येकात आतून कापडाची एक जास्तीची घडी होती. एका डोळ्याला भिंग लावून तीस वर्षं वाकून बसल्याने माझं अंग वाकडं झालं आणि तू ते मला कधी कळू दिलं नाहीस. माप घेताना कधी तोंड वाकडं केलं नाहीस, चेष्टा केली नाहीस. मी त्याच दिवशी तुझ्याकडे येऊन बोलायला हवं होतं. येतो येतो म्हणत राहिलो, मग दुष्काळ पडला, मग तू आजारी पडलास. दवाखान्यात तुझ्या कॉटशेजारी मी तीनदा बसलो आणि तीनही वेळा पाण्याच्या टंचाईविषयी बोलून उठलो.

तुझ्या चाळिसाव्याला घरी आलो. पाहुणे उठल्यावर भाभी आतल्या उंबऱ्याशी बसली आणि आपणहून सांगू लागली. तुझे डोळे पाच वर्षांपासून जात होते. काचबिंदू. पुण्याच्या डॉक्टरने सांगितलं होतं की आधी बाजूचं दिसेनासं होईल, मग हळूहळू समोरचं, आणि गेलेलं परत येणार नाही. रीळ घेतलं तेव्हा तुला निम्मंच दिसत होतं. मला सांगायचं नाही असं तू घरात बजावलं होतंस. वसंताच्या दुकानात गोष्ट गेली म्हणजे बाजारात गेली, आणि पलटणीच्या कानावर गेलं की काम गेलं. तू माझ्याविषयी बरोबरच बोलत होतास.

मला त्याचं एवढं लागलं नाही. भाभी पुढे जे बोलली ते लागलं. डोळे पूर्ण जायच्या आधी तू सगळं ठरवून ठेवलं होतंस, म्हणाली. धाकट्या पोराला कात्रीवर बसवायचं, भाभीने मापं वाचायची आणि ती ऐकून तू सांगायचं की किती दाबायचं, किती सोडायचं. तुम्ही तिघं दुपारी तशी तालीमही करत होतात. हाताला सवय आहे आणि कान चांगले आहेत, कामाला तेवढं पुरे, असं तू म्हणायचास.

"धरणावरनं आले आन् म्हनाले, बेगम, कानबी गेले," भाभी म्हणाली. "मी म्हनलं, मी बोलते ते तर ऐकू येतंय ना. तर म्हनाले, घरात येतंय, गरज पडली तवा न्हाई आलं. वसंताला झोपंत ऐकू आलं, मला जागेपनी न्हाई."

मी तिला विचारलं की कानाच्या डॉक्टरला का नाही दाखवलं. तर तू म्हणे हात जोडलेस. एका डॉक्टरने डोळ्यांचं सांगितलं तेवढं पुरे झालं, दुसऱ्याकडून आणखी ऐकायची हिंमत नाही, असं म्हणालास. रोज सकाळी मनगटावरचं घड्याळ काढून आधी एका कानाला लावायचास, मग दुसऱ्या. टिकटिक ऐकू यायची तुला. मशिदीतली अजानही ऐकू यायची. तरी तू भाभीला विचारायचास की झाली ना, आणि ती हो म्हणाली की मगच उठायचास. दुपारची तालीम बंद झाली. धाकट्याला एका कारखान्यात चिकटवलंस. आणि युद्धाचं काम दारात आलं तेव्हा दुकानाला कुलूप लावलंस.

तुझे कान तुला रोज खरं सांगत होते, आणि तू माझ्या शब्दावर विश्वास ठेवलास. मी तुझा मित्र, शिवाय कोणत्या यंत्रातून काय आवाज येतो हे मला कळतं अशी माझी ख्याती. मी म्हटलं वाजलं, म्हणजे वाजलंच असणार.

त्या दिवशी मी भाभीला काही बोललो नाही. चहा घेतला, कप खाली ठेवला आणि घरी आलो. पंधरा दिवस जेवण गोड लागलं नाही. मनाला समजवायला गेलो की डोळे तर जाणारच होते, दुकान आज ना उद्या बंद झालंच असतं. पण ते खरं नाही. तू रस्त्यापलीकडे पाठ करून उभा राहिलास आणि पाचदा हात वर केलास. ज्याचे डोळे जाताहेत असा माणूस आपले कान तपासून घेत होता, आणि पास झाला होता. त्याला नापास मी केलं.

काल धीर करून पुन्हा तुझ्या घरी गेलो. भाभी तांदूळ निवडत होती. मी उभ्या उभ्याच सगळं सांगितलं. पट्टी काढली ते सांगितलं, झोपलो ते सांगितलं, वाजलं म्हटलं ते खोटं होतं हे सांगितलं, दुसऱ्या दिवशी गुपचूप पट्टी बसवली तेही सांगितलं. मला वाटलं ती रडेल, नाहीतर मला हाकलून देईल. दोन्हींची तयारी करून गेलो होतो. तिचे हात सुपात थांबले. 

"हे मला कशाला सांगता, भाऊजी," ती म्हणाली. "हे त्यांना सांगायचं हुतं."

एवढंच. मग ती पुन्हा खडे वेचायला लागली. मी चपला घातल्या आणि तसाच तुझ्या कबरीवर आलो, पण तिथे पलीकडे एक कुटुंब फातिहा पढत होतं आणि माझं तोंड उघडेना. माती अजून बसलेली नाही. थोडा वेळ उभा राहिलो आणि परत फिरलो. म्हणून हे लिहायला बसलो आहे.

हमीद, त्या दिवशी रीळ वाजलं नाही. एकदाही वाजलं नाही. तुझे कान चांगले होते.